काट्याचा नायटा

‘काट्याचा नायटा होणे’ ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. क्षुल्लक गोष्टीकडे दुर्लक्ष केले म्हणजे तिचेच पुढे मोठे संकट होते, असा तिचा अर्थ आपण परीक्षेत लिहितो, वाक्यात उपयोगही करून दाखवितो आणि मोकळे होतो. परंतु या म्हणीत अक्षरशः सत्य असलेला एक व्याधी आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पायात काटा रुततो. काटा निघतो, जखम भरून येते, मनुष्य ती विसरूनही जातो. आणि कित्येक महिन्यांनी, कधीकधी कित्येक वर्षांनी, त्याच जागी एक गाठ डोके वर काढते. नायटा हा त्वचेवर वाढणाऱ्या कवकाचा, म्हणजे बुरशीच्या जातीच्या एका सूक्ष्म वनस्पतिवत् जीवाचा, रोग होय. या दुसऱ्या व्याधीत तसलेच जीव त्वचेच्या खाली, मांसात आणि हाडांत घर करतात. वैद्यकशास्त्रात याला ‘मायसेटोमा’ म्हणतात. जुने नाव ‘मदुरा फूट’, आपण त्याला मदुरा-पाद म्हणू.

या विषयावर लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो त्याला एक कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. सीमाभागातील आमच्या लहानशा गावी आमच्या घरी एक गडी होता. आम्ही मुले त्याला मामा म्हणत असू. नांगरणीपासून गुरांच्या वैरणीपर्यंत सारी कामे तो करी, आणि वहाण म्हणून त्याने कधी पायात घातली नाही. त्याच्या उजव्या पायाच्या चवड्यावर एक टणक गाठ आली. ती दुखत नसे, म्हणून तो तिच्याकडे बघतही नसे. कोणी बिब्ब्याचा चटका दिला, कोणी पाला बांधला. वर्ष गेले, दोन वर्षे गेली. पाऊल फुगून दीडपट झाले, त्याला बारीक बारीक तोंडे पडली आणि त्यांतून पू वाहू लागला. मग गावात कुजबुज सुरू झाली की, हा महारोग आहे. मामाचे जेवणाचे ताट निराळे झाले. त्याने रहाटाने शेंदलेले पाणी पिऊ नये, अशी आम्हा मुलांना ताकीद मिळाली आणि आम्ही ती पाळली. तो गोठ्याच्या पायरीवर पाय फडक्यात गुंडाळून बसे आणि आम्ही दुरून जात असू. शेवटी त्याला शहरातील रुग्णालयात नेले, तेव्हा रोग हाडांत फार खोलवर पोचला होता. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

तो महारोग नव्हता, मदुरा-पाद होता. आणि मदुरा-पाद हा एका माणसापासून दुसऱ्यास कधीच होत नाही. हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. मामा तेव्हा हयात नव्हता. महारोग असता तरीही त्याला दूर बसविणे योग्य ठरले नसते, कारण कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाले म्हणजे तो पसरतही नाही. पण ती गोष्ट निराळी. ज्या अज्ञानामुळे एका कष्टाळू माणसाचा पाय गेला व त्याहूनही आधी त्याचा मान गेला, ते अज्ञान आमच्या विद्यार्थ्यांत तरी राहू नये, म्हणून हा लेख.

नावाचा इतिहास

दक्षिणेत मदुरा म्हणजे आजचे मदुराई. तेथील दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरने १८४२ साली पायाच्या या विचित्र सुजेची नोंद केली. १८४६ साली कोलब्रुक यांनी ‘मदुरा फूट’ हे नाव वापरले आणि ते रूढ झाले. परंतु रोग त्याहून फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात ‘वल्मीक’ नावाचा रोग येतो. वल्मीक म्हणजे वारूळ. हातापायांच्या तळव्यांवर, सांध्यांवर वारुळासारखी गाठ येते, हळूहळू वाढते आणि तिला अनेक तोंडे फुटून स्राव वाहतो, असे ते वर्णन आहे. हातापायांवरील सूज अनेक छिद्रांनी भरली असल्यास वैद्याने तो रोगी असाध्य समजावा, असाही इशारा तेथे दिला आहे. ज्याने मदुरा-पाद एकदा पाहिला आहे, त्याला वारुळाची उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही.

या रोगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया मात्र मुंबईत घातला गेला. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे इंग्रज डॉक्टर १८५८ साली मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा शरीररचनेचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातील साडेतीनशेहून अधिक आकृत्या याच कार्टरांनी काढलेल्या होत्या. पुढे काही वर्षे ते सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. चित्रकाराची नजर आणि शवविच्छेदनाचा हात या दोहोंचा उपयोग करून त्यांनी कापलेल्या पावलांचे छेद घेतले, आत दडलेले काळे दाणे पाहिले, आणि हा रोग कवकामुळे होतो असे मत मांडले. ‘मायसेटोमा’ म्हणजे कवकाची गाठ, हे नाव त्यांनीच १८६० च्या सुमारास दिले. १८७४ साली या रोगावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका परीने पाहता, ज्या रोगाने आमच्या मामाचा पाय नेला त्याचे पहिले बारीक निरीक्षण आपल्याच मुलखात झाले होते.

कार्टरांचे म्हणणे खरे ठरले, पण अर्धेच. १८९४ साली व्हिन्सेंट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अल्जीरियातील एका रोग्याच्या पायातून एक सूक्ष्म जीव वेगळा काढला. तो कवक नसून तंतूंसारखा वाढणारा जंतू होता. म्हणजे बाहेरून एकसारखे दिसणारे पाऊल आतून दोन अगदी भिन्न शत्रूंनी पोखरलेले असू शकते. एक कवकजन्य मायसेटोमा, दुसरा जंतुजन्य मायसेटोमा. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढील सारे निदान आणि सारे उपचार याच भेदावर उभे आहेत.

रोग होतो कसा

हे जीव मातीत, शेणखतात, सुकलेल्या काटेरी झुडपांवर राहतात. बाभळीचा काटा, बोरीचा काटा, एखादी लाकडाची ढलपी त्वचेतून आत जाते व आपल्याबरोबर त्यांना आत नेऊन सोडते. बहुतेकांच्या शरीरात ते टिकत नाहीत. म्हणूनच कोट्यवधी लोक अनवाणी चालत असूनही रोग विरळाच आढळतो. परंतु जेथे टिकतात तेथे ते गुंतून, एकमेकांस चिकटून घट्ट दाणे बनवितात. कधी दाणा रव्याच्या कणाएवढा असतो, कधी मोहरीएवढा. शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, पण दाण्याचे कवच भेदू शकत नाहीत. या न संपणाऱ्या लढाईने त्या जागी सूज येते, मांस टणक होते, आणि शेवटी आतून बाहेर बोगद्यांसारख्या वाटा पडून त्यांतून पू व दाणे बाहेर येतात.

टणक सूज, अनेक छिद्रे आणि छिद्रांतून येणारे दाणे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की अनुभवी डॉक्टर रोग ओळखतो. यांपैकी सर्वांत फसवे लक्षण म्हणजे जे नाही ते, अर्थात वेदना. शिरा, मज्जातंतू व स्नायूंचे बंध यांना हा रोग बराच काळ फारसा धक्का लावीत नाही. म्हणून पाय दुखत नाही, आणि पाय दुखत नाही म्हणून मनुष्य डॉक्टरकडे जात नाही. बहुसंख्य रोग्यांत पाऊलच ग्रासलेले असते, त्याखालोखाल हात, क्वचित पाठ, मांडी किंवा मान, कारण लाकडाची मोळी वाहणाराला काटा तेथेही बोचतो. रोगी बहुधा वीस ते चाळीस वर्षे वयाचे, शेतकरी, गुराखी, मजूर, म्हणजे ज्यांच्या पायांवर घर चालते असे असतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेस १५ अंशांपासून उत्तरेस ३० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा रोग मुख्यतः आढळतो. सुदान, सेनेगल, सोमालिया, येमेन, मेक्सिको आणि आपला भारत हे देश त्यात येतात. आपल्याकडे राजस्थान व तामिळनाडू येथून विशेष नोंदी झालेल्या आहेत.

निदान : दाणा काय सांगतो

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःशी विचारावा. दोन रोगी आहेत; दोघांचे पाऊल सारखेच सुजलेले, दोघांना सारखीच छिद्रे. एकाला कवकाचा रोग आहे, दुसऱ्याला जंतूंचा. कवकावर चालणारे औषध जंतूंवर चालत नाही आणि जंतूंवर चालणारे कवकावर चालत नाही. मग डॉक्टरांनी ओळखावे कसे?

पहिला साक्षीदार म्हणजे दाण्याचा रंग. काळा दाणा दिसला तर तो कवकाचाच. तांबडा दाणा दिसला तर तो जंतूंचा. पांढरा किंवा पिवळसर दाणा मात्र दोहोंचाही असू शकतो, आणि तेथे डोळ्यांनी निर्णय करू पाहणारा फसतो.

दुसरा साक्षीदार सूक्ष्मदर्शक यंत्र. दाणा काचपट्टीवर घेऊन पोटॅश क्षाराच्या द्रावणात चिरडतात. कवकाचे तंतू जाड असतात, साधारण दोन ते पाच मायक्रोमीटर. जंतूंचे तंतू एक मायक्रोमीटर किंवा त्याहूनही बारीक. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जंतूंचे तंतू ग्रॅमच्या रंगप्रक्रियेने जांभळे दिसतात. इतक्या सूक्ष्म फरकावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे.

तिसरा मार्ग म्हणजे गाठीच्या खोल भागातील मांसाचा लहानसा तुकडा काढून तपासणे. छिद्राच्या तोंडावरचा पू उपयोगी पडत नाही, कारण तेथे बाहेरचे इतर जंतू येऊन बसलेले असतात. त्या तुकड्यातील जीव प्रयोगशाळेत वाढवूनही पाहतात. त्याला आठवडे लागतात. अलीकडे या जीवांच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करूनही जात ओळखता येते, मात्र ही सोय मोठ्या ठिकाणीच असते. मांसाचा तुकडा तपासण्याचे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. पायावरची प्रत्येक न दुखणारी गाठ मदुरा-पाद नसते. ती हाडाचा क्षय असू शकते, हत्तीरोगाची सूज असू शकते, क्वचित मांसपेशींचा कर्करोगही असू शकतो. यांतील प्रत्येकाचा उपचार निराळा. तेव्हा अंदाजाने औषध देणे म्हणजे अंधारात काठी मारणे होय.

चौथा मार्ग चित्रांचा. क्ष-किरणांच्या छायाचित्रात हाडांची हानी दिसते. कवकामुळे हाडात पडणारी भगदाडे संख्येने थोडी पण मोठी, एक सेंटिमीटर व त्याहून अधिक असतात. जंतूंमुळे पडणारी लहान पण पुष्कळ असतात. ध्वनिलहरींच्या साहाय्याने, म्हणजे सोनोग्राफीने, आतील दाणे चमकदार ठिपक्यांसारखे ओळखू येतात. चुंबकीय तपासणीत तर एक मोठे सुंदर चिन्ह दिसते : उजळ वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी काळा बिंदू. वर्तुळ म्हणजे शरीराने उभारलेली सुजेची तटबंदी, आणि बिंदू म्हणजे तटबंदीच्या आत कोंडलेला दाणा. छिद्रे पडण्याच्या आधीच हे चिन्ह दिसले, तर पाय वाचविण्याची संधी फार मोठी असते.

उपचार

जंतुजन्य प्रकार औषधांना चांगला वश होतो. मेक्सिकोतील डॉक्टरांनी अ‍ॅमिकासिनची इंजेक्शने आणि को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या यांची पाच-पाच आठवड्यांची आवर्तने बसविली व त्यांपासून बहुतेक रोगी बरे होतात असे दाखविले. इंजेक्शनांमुळे मूत्रपिंडांस व ऐकण्याच्या शक्तीस इजा होऊ शकते, म्हणून दोहोंची तपासणी वरचेवर करावी लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी जेंटामायसिन व को-ट्रायमॉक्साझोल यांच्या आधारे दोन टप्प्यांची उपचारपद्धती २००७ साली प्रसिद्ध केली. या प्रकारात शस्त्रक्रियेची गरज क्वचित पडते.

कवकजन्य प्रकार चिवट आहे. त्याला इट्राकोनॅझोल हे औषध वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ द्यावे लागते, आणि बहुधा जोडीला शस्त्रक्रिया. औषधाने गाठीभोवती एक जाड वेष्टन तयार होते. मग शल्यविशारद ती गाठ वेष्टनासकट, फुटू न देता, काढून घेतो. गाठ फुटली आणि एखादा दाणा मागे राहिला, तर रोग पुन्हा उद्भवतो. पूर्वी केटोकोनॅझोल हे औषध देत. पण ते यकृतास अपाय करते असे आढळल्याने २०१३ साली अमेरिका व युरोप येथे त्याच्या वापरावर कडक बंधने आली.

या प्रकारावर अधिक चांगले औषध शोधण्यासाठी सुदानची राजधानी खार्तूम येथे एक मोलाचा प्रयोग झाला. तेथे १९९१ साली मायसेटोमा संशोधन केंद्र स्थापन झाले होते व जगात या रोगाचा सर्वाधिक अनुभव त्याच केंद्रास होता. फॉसरावुकोनॅझोल हे नवे औषध आणि जुने इट्राकोनॅझोल यांची तेथे २०१७ पासून तुलना करण्यात आली. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. नवे औषध जुन्यापेक्षा सरस ठरले नाही. परंतु इट्राकोनॅझोल रोज दोन वेळा जेवणासोबत घ्यावे लागते, तर फॉसरावुकोनॅझोल आठवड्यातून एकदाच. शहरापासून कोसोगणती दूर राहणाऱ्या, दोन वेळचे जेवणच ज्याला निश्चित नाही अशा माणसाला हा फरक केवढा मोठा आहे, हे सांगणे नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटले आणि हे केंद्र उद्ध्वस्त झाले. रोग्यांच्या नोंदी व नमुने अनेक दशकांच्या कष्टाने जमविलेले होते. ते नष्ट झाले. २०१६ साली जागतिक आरोग्य परिषदेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले होते. ‘दुर्लक्षित’ हा शब्द रोगाला लावलेला असला, तरी खरोखर दुर्लक्ष होते ते रोग्याकडे.

एवढे उपचार असूनही पाय कापण्याची वेळ आजही येते. ती बहुधा औषध नसल्यामुळे नव्हे, उशीर झाल्यामुळे येते. सुपारीएवढी गाठ लहानशा शस्त्रक्रियेने निघते. तीच हाडांत उतरली की वर्षानुवर्षे झगडावे लागते.

आपण काय करावे

विद्यार्थीमित्रांनो, आपल्यापैकी कित्येक जण शेताच्या बांधावरून शाळेत येतात. कित्येकांचे वडील, काका व आजोबा अजूनही चिखलात अनवाणी राबतात. त्यांना उपदेश करण्याचे वय तुमचे नाही, पण ही माहिती सांगण्याचे वय निश्चित आहे. शेतात जाताना पायांत काहीतरी असावे. काटा रुतला तर तो पूर्ण काढावा, मोडका अंश आत राहू देऊ नये, जागा साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस विचारावे. बिब्बा, गरम तेल, डाग यांचे प्रयोग करू नयेत. त्यांनी गाठ जात नाही, फक्त वेळ जातो. हातापायांवर टणक गाठ येऊन ती काही आठवड्यांत मावळली नाही, तर ती दुखत नसली तरी दाखवावी. किंबहुना ती दुखत नाही, एवढ्याच कारणासाठी अधिक लवकर दाखवावी. काटा कधी रुतला, कोठे रुतला, गाठ कधी दिसली हे आठवत असल्यास डॉक्टरांना सांगावे. निदानाचा अर्धा मार्ग तेथेच आक्रमिला जातो.

आणि सर्वांत शेवटची गोष्ट. सुजलेला पाय फडक्यात गुंडाळून कोणी एका बाजूला बसलेला दिसला, तर त्याच्यापासून दूर जाऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याची विचारपूस करावी, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याला नेण्यास कोणी आहे की नाही ते पाहावे. त्याने दिलेले पाणी प्यावे. आम्ही मुले असताना ते प्यालो नाही, ही खंत आमच्या मनातून आजही गेलेली नाही.